दुर्बिणीची तिवई

हिंवाळा सुरू झाला म्हणजे आमच्या कोपरगांवाकडून गोदावरीच्या वरच्या अंगास, निफाड तालुक्यांतील नांदूर मध्यमेश्वराच्या जलाशयावर, पक्षी पाहण्यास जाणारीं कुटुंबें आतां वरचेवर दृष्टीस पडतात. ही गोष्ट मोठ्या समाधानाची आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशीं विसाव्या शतकाच्या आरंभीं जो बंधारा घालण्यांत आला, त्याच्यामागें वर्षानुवर्षें गाळ सांचून उथळ पाणी, पाणवनस्पती व लहान लहान बेटें यांचा एक विस्तीर्ण प्रदेश तयार झाला; आणि माणसानें शेतीसाठीं अडविलेल्या त्या पाण्याचा ताबा पक्ष्यांनीं कोणास न विचारतां घेतला. १९८६ सालीं त्यास अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली, व २०२० सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत त्याचें नांव जाहीर झालें. महाराष्ट्रांत हा मान मिळालेलें तें पहिलेंच स्थळ होय. त्याच बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांचें पाणी आमच्या तालुक्यांतील उंसाला व फळबागांना मिळतें. तेव्हां तेथील पक्ष्यांशीं आमचें एका पाण्याचें नातें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु आज आम्हांस पक्ष्यांविषयीं लिहावयाचें नाहीं. ज्या उपकरणाच्या साह्यानें ते पाहावयाचे, त्या उपकरणाच्याहि खालीं जें असतें, त्याविषयीं लिहावयाचें आहे. हौशी मंडळी जी मोठी एकनळी दुर्बीण वापरतात व जिला सर्वत्र ‘स्पॉटिंग स्कोप’ असेंच म्हणतात, ती हातांत धरून पाहतां येत नाहीं. तिला ट्रायपॉड, म्हणजे तीन पायांची तिवई, लागते. आतां अशी दुर्बीण घ्यावयाची ठरली म्हणजे घरांत महिना-दोन महिने खल चालतो. भिंग किती मिलिमीटरचें, कांच कोणत्या देशाची, वर्धन विसापासून साठपटीपर्यंत जातें कीं नाहीं, पावसाचें पाणी आंत शिरेल काय, अशा एकेका मुद्द्यावर काका-पुतण्यांचे कडाक्याचे वाद होतात. तिवईचा प्रश्न मात्र अगदीं शेवटीं, पैसे मोजून झाल्यावर निघतो, आणि ‘ती काय, कसलीहि चालेल’ या एका वाक्यांत त्याचा निकाल लागतो.

आमच्या परिचयाच्या एका मोठ्या घरांत असाच प्रकार झाला. चार भावांचें एकत्र कुटुंब. सर्वांनीं मिळून वर्गणी काढली व ऐंशी मिलिमीटर भिंगाची उत्तम दुर्बीण आणविली. तिवई मात्र थोरल्या मुलाच्या कॅमेऱ्याबरोबर पूर्वीं कधींतरी आलेली, वेताच्या छडीसारख्या सडपातळ पायांची, तीच घेतली. पौषांतील एका रविवारीं सर्व मंडळी खाणगांव थडीच्या बाजूस पाण्याच्या कांठीं गेली. घरांतील आजीबाईंचें वय सत्याहत्तर. त्यांनीं जन्मभर कथा-कीर्तनांतून चक्रवाकाचें नांव ऐकलेलें. रात्रीं जोडप्याचा वियोग होतो आणि पहाटे पुन्हां भेट होते, हा कविसंकेत त्यांस तोंडपाठ. पण पक्षी कधीं पाहिलेला नाहीं. नातवानें नेम धरला व ‘आजी, ये, बघ’ म्हणून त्यांस पुढें केलें. बाई वांकल्या तों चष्मा नळीस लागला व चित्र हादरलें. तें स्थिर होतें न होतें तोंच वाऱ्याची झुळूक आली. आधारासाठीं त्यांनीं नळीवर हात ठेवला, तशी नळी खालीं झुकली आणि पक्ष्यांच्या जागीं नुसता चिखल आला. मागें सुना व मुलें मिळून आठ माणसें रांगेंत उभीं. ‘दिसले का?’ म्हणून तिसऱ्यांदां विचारणा झाली, तेव्हां त्या म्हणाल्या, ‘दिसले हो, दिसले,’ आणि बाजूला झाल्या. आम्ही शेजारींच उभे होतों. त्यांस कांहींहि दिसलें नव्हतें.

हलणाऱ्या दुर्बिणीपुढें भलीं माणसें दुसऱ्याचा हिरमोड नको म्हणून न पाहिलेलें पाहिलें असें म्हणतात. आजीबाईंच्या बाबतींत त्यानें एक सकाळ वायां गेली. तीच गोष्ट वही-पेन्सिल घेऊन पक्षी मोजण्यास बसलेल्या तरुणाच्या बाबतींत झाली, तर कागदावर खोटी नोंद उतरते व ती कायमची राहते.

दुर्बीण हलते म्हणजे नेमकें काय होतें, याचें गणित मॅट्रिकच्या विद्यार्थ्यास सहज करतां येईल. आमची जुनी संवय सुटत नाहीं, म्हणून तें येथें मांडतों. समजा, दुर्बीण चाळीस सेंटिमीटर लांब आहे व तिचें पुढचें टोंक वाऱ्यानें एक-दशांश मिलिमीटर, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीइतकें, वर-खालीं झालें. डोळ्यांस ही हालचाल जाणवणारहि नाहीं. पण तेवढ्यानेंच तीनशें मीटरांवरील नेम साडेसात सेंटिमीटरांनीं सरकतो. चिखलांत टिपणारा लहानसा टिलवा पक्षी चोंचीपासून शेंपटापर्यंत जेमतेम चौदा सेंटिमीटर असतो. म्हणजे कागदाच्या जाडीएवढ्या कंपानें तो अर्ध्या अंगानें उडी मारल्यासारखा दिसेल. शिवाय दुर्बीण जशी पक्ष्यास मोठें करते, तशी ती कंपासहि मोठें करते. साठपट वर्धनांत हें कंप जवळजवळ एका अंशाचें, म्हणजे आकाशांतील चंद्रबिंबाच्या सुमारें दुप्पट रुंदीचें, भासतें. हातांत धरण्याची दुनळी दुर्बीण आठ किंवा दहापटीचीच कां असते, याचें उत्तर यांतच आहे. त्यापलीकडे माणसाचा हात पुरा पडत नाहीं.

दुसरीहि एक अडचण आहे व तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. दुर्बिणींतून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका किती जाड आहे, हें भिंगाच्या व्यासास वर्धनानें भागलें म्हणजे निघतें. ऐंशी मिलिमीटरच्या भिंगांत वीसपटीस ती चार मिलिमीटर असते, व साठपटीस केवळ सव्वा मिलिमीटरच्या थोडी वर. एवढ्याशा झरोक्यासमोर बाहुली नेमकी धरावयाची, आणि झरोकाच डुलत असावयाचा! तरुण डोळ्यांस तें कसेंबसें साधतें. वृद्धांस साधत नाहीं. मग आपले डोळेच गेले, अशी समजूत करून घेऊन तीं बिचारीं मागें सरतात. दोष डोळ्यांचा नसून पायांचा असतो, आणि तोहि तिवईच्या.

तीनच पाय कां, हें आमच्या वाचकभगिनींस पुस्तकावांचून ठाऊक आहे. जेवणाच्या चौरंगाचा एक पाय नेहमीं अधांतरीं राहतो व त्याखालीं कागदाची घडी सारावी लागते. तीन पायांच्या घडवंचीस अशी घडी कधींच लागत नाहीं. कोणत्याहि तीन बिंदूंतून एकच पातळी जाते, असें भूमिति सांगते. युक्लिडचा हा ग्रंथ सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटांनीं अठराव्या शतकांत अरबीवरून ‘रेखागणित’ या नांवानें संस्कृतांत आणला होता. परंतु तीन पायांची तिवई लटपटत नाहीं एवढ्यावरून ती थरथरत नाहीं, असा मात्र अर्थ नव्हे. लटपटणें हें पायांच्या संख्येवर अवलंबून, तर थरथरणें पायांच्या जाडीवर, लांबीवर व सांध्यांवर. या दोहोंची गल्लत केल्यामुळें पुष्कळांची फसगत होते.

जयसिंहाचा उल्लेख आलाच आहे, म्हणून सांगतों. त्यानें आरंभीं पितळेचीं वेधयंत्रें करविलीं होतीं. तीं लहान, त्यांचे आंस झिजत, मध्य ढळत असे, व त्यामुळें वेध चुकत. म्हणून त्यानें दिल्ली, जयपूर, उज्जयिनी इत्यादि ठिकाणीं दगड-चुन्याचीं प्रचंड यंत्रें उभारलीं. पुढें इंग्रजी अमदानींत १८०२ सालीं मद्रासेकडून त्रिकोणमितीय मोजणीचें काम लॅम्टन यानें सुरू केलें. हा गृहस्थ १८२३ सालीं आपल्याकडील हिंगणघाट येथें वारला व तेथेंच त्याची समाधि आहे. त्याचें मोठें कोनमापक यंत्र सुमारें अर्धा टन वजनाचें होतें. गंगा-यमुनेच्या सपाट मुलखांत टेंकड्या नसल्यामुळें त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टनें त्या यंत्रासाठीं मनोरे बांधविले, आणि त्यांत एक फार शहाणपणाची योजना केली. यंत्र ज्या खांबावर ठेवावयाचें तो मधला खांब, आणि माणसांनीं जेथें उभें राहावयाचें ती जमीन, हीं एकमेकांपासून अलग ठेवलीं. माणूस हलला तरी यंत्र हलूं नये, हा त्यांतील हेतु. आमच्या कालव्यांचेंच उदाहरण घ्या. पाणी उतारानें नेणारा कोणताहि कालवा पातळी-यंत्रावांचून आंखतां येत नाहीं, व पातळी-यंत्र मजबूत लांकडी तिवईवांचून उभें राहत नाहीं. ओव्हरसीयरच्या मागून गड्याच्या खांद्यावर चाललेली ती जड तिवई ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस आमच्या म्हणण्याचें मर्म तत्काळ कळेल.

आतां निवडीकडे वळूं. दुकानांत गेल्यावर विक्रेता पहिल्यानें ही तिवई किती किलोंचा भार पेलते, तें सांगतो. हा आंकडा ऐकून घ्यावा व सोडून द्यावा. भार पेलणें, म्हणजे मोडून न पडणें, हें एक. आणि भाराखालीं न थरथरणें हें दुसरें. शिवाय हा आंकडा काढण्याची सर्व कारखानदारांस मान्य अशी एकच रीत नाहीं. जो तो आपल्या मापानें मोजतो. आपण पायाची नळी पाहावी. ऐंशी मिलिमीटर वर्गाची दुर्बीण दीड ते दोन किलो वजनाची असते. तिच्यासाठीं पायाची सर्वांत वरची नळी निदान अठ्ठावीस मिलिमीटर जाड असावी, असें आमचें मत आहे. साठ-पासष्ट मिलिमीटरच्या हलक्या दुर्बिणीस पंचवीसचीहि चालेल. बावीस आणि अठ्ठावीस यांत फरक तो किती, असें वाटेल. पण पत्रा सारख्याच जाडीचा असेल, तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणजे या सहा मिलिमीटरांत तो दुप्पट होतो.

नळ्या एकींत एक सरकणाऱ्या असतात. पायास तीन तुकडे असले तर सर्वांत खालची नळी बेताची जाड राहते. चार किंवा पांच तुकडे असले तर ती बोटापेक्षांहि बारीक होते, आणि सर्व डोलारा त्या बारीक नळीवर उभा राहतो. चार-पांच तुकड्यांची तिवई घडी करून पिशवींत छान मावते हें खरें. परंतु ज्यास पाण्याच्या कांठीं उभें राहून पाहावयाचें आहे, त्यानें पिशवीची सोय पाहूं नये. तीन तुकड्यांची घ्यावी, व शेवटची नळी शक्य तेथवर आंतच ठेवावी. लांबी सव्वापट झाली कीं वांक जवळजवळ दुप्पट होतो, हें ध्यानांत ठेवावें.

मधोमध जो वर-खालीं होणारा दांडा असतो, त्याच्याविषयीं आमचें मत फार कडक आहे. तो वर काढला म्हणजे तीन पायांवर एक पाय ठेवल्यासारखें होतें, आणि तीन पायांसाठीं दिलेले पैसे फुकट जातात. तो मुळींच नसलेली तिवई मिळाल्यास उत्तम. असल्यास खालीं घट्ट बसवून ठेवावा व विसरून जावें.

मग उंची कशी साधावयाची? याचें उत्तर तिवईंत नसून दुर्बिणींत आहे. एकनळी दुर्बीण दोन तऱ्हांची मिळते: एकींत डोळा लावण्याची नळी सरळ रेषेंत, तर दुसरींत ती पंचेचाळीस अंशांत वर वळलेली. सरळ नळीस तिवई पाहणाऱ्याच्या डोळ्याइतकी उंच लागते. मग सहा फूट उंचीच्या काकांसाठीं लावलेली दुर्बीण दहा वर्षांच्या पुतणीस पोंचत नाहीं, व प्रत्येकासाठीं पाय वर-खालीं करण्यांत पक्षी उडून जातो. वळलेल्या नळीस तिवई ठेंगणी चालते. उंच माणूस किंचित् वांकून पाहतो, मूल टांचा उंचावून पाहतें. ठेंगणी तिवई ही आपोआपच अधिक स्थिर. आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत, जेथें एका दुर्बिणीवर आठ-दहा डोळ्यांचा हक्क आहे, तेथें वळलेल्या नळीस पर्याय नाहीं. एकट्यानें मोटारींत बसून पाहणाऱ्यानें वाटल्यास सरळ घ्यावी.

ज्या कुटुंबाची हकीकत वर सांगितली, त्यांनीं पुढल्या वर्षीं तिवई बदलली. दुर्बीण तीच होती. पाय पुरते आंत घेऊन ठेंगण्या केलेल्या तिवईमागें त्यांनीं घडीची खुर्ची मांडली व आजीबाईंस तींत बसवून, हात मांडीवर ठेवून, नळीस स्पर्श न करतां पाहावयास सांगितलें. वर्धन तीसच ठेवलें होतें. बाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, ‘अगबाई, हा तर गेरूच्या रंगाचा आहे!’ चक्रवाकाचा रंग कोणत्याहि कीर्तनकारानें त्यांस सांगितला नव्हता. या वेळीं कोणी ‘दिसले का?’ असें विचारलें नाहीं.

पायांइतकेंच, किंबहुना थोडें अधिक, महत्त्व तिवईच्या माथ्यास आहे. यासच बाजारांत ‘हेड’ म्हणतात. पुष्कळ तिवयांवर गोळ्याचें, म्हणजे बॉल हेड बसविलेलें असतें. छायाचित्रास तें सोयीचें. दुर्बिणीस मात्र अत्यंत गैरसोयीचें. कळ सैल केली कीं जड दुर्बीण एकदम पुढें कोसळते, आणि घट्ट केली कीं पोहणाऱ्या बदकामागें ती फिरवितां येत नाहीं. दुर्बिणीस फ्लुइड हेड घ्यावें. त्यांत दाट वंगणाचा प्रतिरोध असल्यामुळें लांब दांडी धरून दुर्बीण डावी-उजवीकडे व वर-खालीं अशी संथ फिरते, कीं पाण्यावरून थव्याचें एक टोंक धरून दुसऱ्या टोंकापर्यंत धक्का न बसतां जातां येतें. आणि हात काढला म्हणजे ती असेल तेथेंच राहते. शेवटची गोष्ट साधण्यासाठीं दुर्बीण माथ्यावर तोललेली असावी लागते. ज्या पट्टीवर ती बसते ती पुढें-मागें सरकणारी असेल, तर तराजूच्या दांडीसारखा मध्य शोधतां येतो. हा तोल न साधतां केवळ कळ आवळून दुर्बीण धरून ठेवणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. हात काढतांच नेम बोटभर खालीं उतरतो, व ते पुन्हां पुन्हां पक्ष्याच्या वर नेम धरीत बसतात.

पट्टीच्या स्क्रूकडेहि दृष्टि टाकावी. दुर्बिणीच्या बुडाशीं बहुधा पाव इंची आटे असतात. तिवई व हेड यांच्या जोडास तीन-अष्टमांश इंची. एकाच स्क्रूवर बसलेली जड दुर्बीण हळूहळू गरकन फिरूं लागते. ती फिरूं नये म्हणून पट्टीस एक लहान खुंटी असते, तेवढी आहे कीं नाहीं पाहावें. मोजणीखात्याच्या जुन्या लांकडी तिवया मोडींत स्वस्त मिळतात व त्या कंप फार छान जिरवितात; परंतु सर्वेक्षणाच्या तिवईचा बोल्ट निराळ्या, पांच-अष्टमांश इंची मापाचा असतो, तेव्हां मध्यें जोडतुकडा करवून घ्यावा लागतो. ज्यांच्या घरीं लेथवर काम करणारा कोणी आहे, त्यांनीं हा मार्ग जरूर धरावा. वजन मात्र सोसलें पाहिजे.

धातु कोणता घ्यावा, यावर लोक उगाच फार बोलतात. ॲल्युमिनियम स्वस्त व टिकाऊ; कार्बन फायबर महाग, पण त्याच मजबुतीस हलकें, आणि त्यांतील थरथर लवकर शमते. चार पावलांवर गाडी उभी करून पाहणाऱ्यास ॲल्युमिनियम पुरें. निफाडची थंडी प्रसिद्धच आहे. पहाटे धातूची नळी हातास चटका दिल्यासारखी लागते, म्हणून वरच्या नळीस स्पंजाचें वेष्टण असलेली पाहून घ्यावी. जड तिवईनें खांदा दुखतो, अशी तक्रार तरुण मंडळी करतात; परंतु वाऱ्याच्या दिवशीं तेंच जडपण उपयोगी पडतें. मधल्या आंकड्यास पिशवी टांगून वजन वाढवितां येतें. ती मात्र जमिनीस टेंकलेली असावी, नाहीं तर वाऱ्यानें हेलकावे घेऊन तीच तिवईस धक्के देते.

नांदूरच्या कांठीं तिवई मांडण्यास कांहीं ठिकाणीं काळी, भुसभुशीत, वरून कोरडी व आंतून ओली अशी गाळाची माती मिळते. अशा जागीं तिवईचा एखादा पाय पाहतां पाहतां खचतो आणि पाहणाऱ्यास आपलाच तोल गेल्यासारखें वाटतें. पायाखालीं पत्र्याच्या डब्याचें झांकण किंवा लांकडाची चकती ठेवावी. टणक जमिनीवर टोंकदार खिळे व फरशीवर रबरी बूट. दोन पाय आपल्या दोन्ही अंगांस व एक पाय पक्ष्याच्या दिशेस, अशी मांडणी केली म्हणजे उभ्या माणसाचें पाऊल अडखळत नाहीं. उतारावर मात्र दोन पाय उताराच्या अंगास पाहिजेतच. चापडगांव व खाणगांव थडी येथें निरीक्षणाचे मनोरे आहेत. मनोऱ्यावरून दृष्टि दूर पोंचते. पण एव्हरेस्टच्या मनोऱ्यासारखा अलग खांब तेथें नसतो, व एक मूल जिन्यावरून धांवत आलें कीं दुर्बिणींतील सगळें तळें नाचूं लागतें. मुलांस बसवून घ्यावें, किंवा सरळ खालीं यावें.

एक गोष्ट कोणत्याहि तिवईच्या आवांक्याबाहेरची आहे, ती सांगितलीच पाहिजे. उन्हें चढलीं म्हणजे पाण्यावरील व शेतांवरील हवा तापून उकळल्यासारखी लहरूं लागते. हें कंप हवेचें. तें साठपटींत असह्य होतें. त्या वेळीं वर्धन वीस-पंचविसांवर आणावें, आणि बारीक ओळख पटवावयाची कामें सकाळीं लवकर उरकावीं. दहानंतर दुकानदारास किंवा तिवईस शिव्याशाप देऊन उपयोग नाहीं.

बारीक ओळख म्हणजे काय, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. चिखलांत धांवणाऱ्या टिलव्यांच्या दोन जाती आपल्याकडे येतात. आकार व रंगरूप इतकें जवळचें कीं दुरून एकच वाटाव्या. एकीचे पाय काळे, दुसरीचे पिवळसर. तीनशें मीटरांवर काडीएवढ्या पायाचा रंग थरथरत्या दुर्बिणींतून कळत नाहीं. भुवई बदक व चक्रांग यांच्या माद्यांचें तसेंच: एकीच्या डोळ्यावर ठळक फिकी भुंवई, दुसरीचा चेहरा बराचसा साधा. आशियाई पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर वर्षीं जानेवारींत होते, आणि तींत आपल्याकडील हौशी स्वयंसेवक भाग घेतात. त्यांनीं लिहिलेल्या आंकड्यांवरून कोणता पक्षी कमी झाला, कोणत्या तळ्यास संरक्षण द्यावें, याचे विचार होतात. तेथें ज्यास पाय दिसले नाहींत, त्यानें ‘टिलवा, जात अनिश्चित’ असें लिहावें, हें उत्तम. आणि पाय दिसतील अशी तिवई आणावी, हें त्याहून उत्तम. मागें घाई करणारी रांग असली व दुर्बीण हलत असली म्हणजे पहिलाहि पर्याय फार थोड्यांकडून पाळला जातो. वहींत एक जात लिहिली जाते, व ती कोठून आली हें पुढें कोणासहि सांगतां येत नाहीं.

खरेदीस जातांना आपली दुर्बीण बरोबर न्यावी. तिवई तीवांचून पारखतां येत नाहीं. दुकानदारानें नाक मुरडलें तर दुसरें दुकान पाहावें. मधला दांडा खालीं ठेवून पाय आपणांस लागतील तितके लांब करावे, दुर्बीण चढवून वर्धन सर्वांत मोठें करावें, व दाराबाहेर दूर रस्त्यापलीकडील एखाद्या पाटीवरील बारीक अक्षरांवर नेम धरावा. मग तिवईच्या पायास बोटानें हलकी टिचकी मारावी आणि अक्षरें पुन्हां वाचतां येईपर्यंत मनांत आंकडे मोजावे. एक-दोन म्हणेपर्यंत शांत झालीं, तर तिवई घेण्यासारखी. पांचापर्यंत जावें लागलें, तर ती कितीहि देखणी असो, परत द्यावी. यानंतर दोन्ही हातांनीं माथा धरून पिळून पाहावा. पायांच्या बिजागऱ्यांत ढिलाई असेल तर ती येथेंच हातास लागते. नळ्या आवळण्याच्या कळा दोन प्रकारच्या, खटक्याच्या व पिळाच्या, दोन्ही चांगल्या. वडील मंडळींच्या थंडीनें आंखडलेल्या बोटांस खटका सोपा पडतो, एवढेंच.

पैशाविषयीं आमचें मत असें कीं, दुर्बिणीस जी रक्कम ठरविली असेल तिचा चौथा ते तिसरा हिस्सा तिवई व हेड मिळून राखून ठेवावा, व उरलेल्यांत दुर्बीण पाहावी. ऐपत बेताची असेल तर भिंग ऐंशीऐवजीं पासष्टचें घ्यावें. चांगल्या तिवईवरील पासष्ट मिलिमीटर डळमळीत तिवईवरील ऐंशीस दर वेळीं मागें टाकील, याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. शिवाय दुर्बीण पुढें बदलली तरी तिवई तीच राहते. चांगल्या तिवईस भिंगासारखी बुरशी लागत नाहीं, व ती पुतण्याकडून त्याच्या मुलाकडे सहज जाते.

घरीं आल्यावर पाय लगेच पुसून ठेवण्याची चाल पाडावी. गाळ नळीच्या सांध्यांत वाळला कीं तो सरस कागदासारखा घांसतो. खालच्या नळ्या पुऱ्या बाहेर काढून साध्या पाण्यानें धुवाव्या, फडक्यानें टिपाव्या आणि रात्रभर तशाच उघड्या ठेवाव्या. सांध्यांत तेल घालूं नये, त्यास धूळ चिकटते. धुण्याचें काम न्हाणीघरांत करण्याआधीं मात्र घरांतील स्त्रियांची परवानगी घ्यावी. परसांतील नळ अधिक बरा.